पाय उचल गं जरा!

तुम्ही डोंबिवलीत राहत असाल तर एका मिनिटात काय काय घडू शकतं, हे मी सांगायला नको. आपण पुलावर असतो, खाली फास्ट लागलेली दिसते, जिन्याच्या शेवटच्या पाच पायऱ्या उरतात आणि गाडी हलते. पुढची येईपर्यंत फलाटावर आणखी दोन गाड्यांची माणसं जमतात. ठाण्याला उतरून कॉलेज गाठेपर्यंत हजेरी होऊन गेलेली असते. असं एक मिनिट मला रोज कमी पडतं. ‘घरून लवकर निघ’ हा सल्ला आई गेली पाच वर्षं देतेय, तो तूर्त बाजूला ठेवू. पण माझं ते मिनिट नेमकं कुठे जातं, याचा शोध मला गेल्या महिन्यात लागला. ते माझ्या पायांच्या लांबीत जातं.

माझी उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट एक इंच. आमच्याच बिल्डिंगमधला एक मित्र आहे, सहा फूट. अकरावीपासून आम्ही स्टेशनला बरोबर जातो. तो एका हातात मोबाइल धरून, रील बघत, खड्डे चुकवत निवांत चालतो. मी त्याच्या शेजारी तुरुतुरु. मधेच तो थांबतो, मागे वळतो आणि म्हणतो, ‘पाय उचल गं जरा!’ इतकी वर्षं मला वाटायचं, मीच आळशी आहे.

दुसरं वाक्य मला नाही, माझ्या मैत्रिणीला ऐकावं लागलं. ती कल्याणला राहते, बी.कॉम. झाली आणि आता पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे पाचला ग्राउंड, दुपारी लेखीचा क्लास, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. उंची १५६. ग्राउंडवरच्या एका सरांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, ‘तुझे पाय आखूड आहेत. आठशेला मार्क पडणार नाहीत तुला. लेखीवर भर दे.’ स्लो गाडीत हे मला सांगताना ती हसत होती, पण त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही.

ही दोन्ही वाक्यं आपण सगळे ऐकतो आणि बोलतोही. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण ती बरोबर उलट्या जागी वापरतो. चालताना मागे पडणारा माणूस बऱ्याचदा खरोखरच पायांच्या लांबीमुळे मागे पडत असतो, आणि तिथे आपण त्याला आळशी ठरवतो. धावताना पायांच्या लांबीनं फार काही ठरत नाही, आणि तिथे मात्र आपण पायांकडे बोट दाखवतो. बारावी सायन्स करून मास मीडियाकडे पळालेल्या असंख्य मुलामुलींपैकी मी एक आहे, त्यामुळे माझ्याकडून डेरिव्हेशनची अपेक्षा ठेवू नका. पण या गोष्टीला बारावीचं फिजिक्स पुरतं. मलाही तेव्हा कुणी हे असं सांगितलं असतं तर कदाचित मी पळाले नसते.

आधी मोजमाप. कमरेच्या खाली, बाजूला तळहात ठेवा आणि पाय थोडा आत-बाहेर फिरवा. जे हाड हाताखाली हलताना लागतं, तिथपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे आपल्या हिशेबापुरती पायाची लांबी. आईची शिवणकामाची टेप चालते. माझी भरली ८० सेंटिमीटर, मित्राची ९६. म्हणजे त्याचे पाय माझ्यापेक्षा २० टक्क्यांनी लांब. मग तो माझ्याहून २० टक्के जास्त वेगानं चालायला हवा, नाही का? तसं होत नाही.

प्रॅक्टिकलला दोऱ्याला गोळा बांधून झोके मोजलेले आठवतात? दोरा लांब केला की झोका सावकाश होतो, पण दोरा जितका वाढवला तितक्या प्रमाणात नाही. दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दोरा चौपट केला तर झोक्याला वेळ दुप्पट. चालताना मागे राहिलेला पाय पुढे येतो, तो बराचसा असाच कमरेला टांगलेल्या लंबकासारखा झुलत येतो. म्हणून तर आपल्या लयीत चालताना दम लागत नाही. बरंचसं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करून देतं. आता मित्राचा पाय २० टक्के लांब, तर पाऊलही २० टक्के लांब पडतं. पण तो पाय झुलून यायला साधारण १० टक्के जास्त वेळ घेतो. अंतरातली कमाई आणि वेळेतला तोटा यांचा मेळ घातला की त्याच्या हातात उरतो साधारण १० टक्के जादा वेग.

एका रविवारी सकाळी सातला आम्ही फडके रोडवर हे मोजून पाहिलं. (सातलाच, कारण नंतर तिथे चालायला जागा नसते.) मी मिनिटाला १२० पावलं टाकत होते, प्रत्येक पाऊल सुमारे ७० सेंटिमीटरचं. तो मिनिटाला ११० पावलं, पाऊल सुमारे ८४ सेंटिमीटरचं. गुणाकार करा. माझा वेग ताशी पाच किलोमीटर, त्याचा साडेपाच. घर ते स्टेशन एक किलोमीटर धरलं तर मला १२ मिनिटं लागतात, त्याला ११. हेच ते माझं हरवलेलं मिनिट. आणि नीट बघा, मिनिटाला दहा पावलं जास्त कोण टाकतंय? मी. पाय तर मीच जास्त उचलतेय, राजा!

‘मग जोरात चाल ना,’ हे उत्तर त्यानं लगेच दिलंच. चालता येतं थोडं जोरात, पण त्याला एक छत आहे आणि ते छतही पायाच्या लांबीवर ठरतं. कसं ते बघा. चालताना एक पाय जमिनीवर रोवलेला असतो आणि आपलं शरीर त्या पायावरून कमानीसारखं पलीकडे जातं. म्हणजे प्रत्येक पावलाला आपण एका छोट्या वर्तुळाचा तुकडा फिरतो, ज्याची त्रिज्या आपल्या पायाएवढी. वर्तुळात फिरायचं तर आत ओढणारं अभिकेंद्री बल लागतं. इथे ते पुरवणारं फक्त आपलं वजन आहे. वेग वाढला की हे बल वेगाच्या वर्गानं वाढत जातं, आणि एका वेगाला वजन अपुरं पडतं. मग काय होतं? कल्याण-शीळ रस्त्यावर स्कूटी गतिरोधकावरून जोरात नेली की जे होतं तेच. आपण उडतो. पाय जमीन सोडतात आणि जमीन सोडणं म्हणजेच धावणं.

याचं सूत्र अगदी साधं आहे. वेगाचा वर्ग घ्या आणि त्याला गुरुत्व त्वरण गुणिले पायाची लांबी या संख्येनं भागा. जो आकडा येतो त्याला फ्रूड नंबर म्हणतात. विल्यम फ्रूड हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज इंजिनीअर. तो माणसांच्या नाही, जहाजांच्या मागे होता. लहान मॉडेल पाण्यात ओढून मोठ्या जहाजाचं वागणं कसं ओळखायचं, या प्रश्नातून हा आकडा पुढे आला. नंतर लीड्स विद्यापीठातल्या मॅकनील अलेक्झांडर या प्राणिशास्त्रज्ञानं तो पायांना लावला. १९७६ साली त्यानं दगडात उमटलेल्या पावलांच्या ठशांवरून डायनासोर किती वेगानं चालले असतील, याचा अंदाज याच हिशेबानं बांधला. ठशाच्या लांबीवरून पायाची उंची, दोन ठशांमधल्या अंतरावरून ढांग, आणि त्यावरून वेग. मला हे वाचून खूप भारी वाटलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्राणी आणि डोंबिवलीची मी, हिशेब एकच.

हा आकडा १ झाला की चालणं गणितानं अशक्य होतं. पण तिथवर कुणी थांबत नाही. तो साधारण अर्ध्यावर आला, की माणूस न ठरवता धावायला लागतो, कारण त्यापुढे चालणं धावण्यापेक्षा महाग पडतं. माझ्या ८० सेंटिमीटरसाठी ही हद्द येते ताशी सुमारे ७.१ किलोमीटरला, मित्रासाठी ७.८ ला. या दोन आकड्यांच्या मधल्या वेगानं आम्ही निघालो, तर तो चालत असतो आणि मी धावत असते. शेजारी शेजारी, एकाच वेगानं. इंडिकेटरवर फास्ट लागलेली दिसली की दोघांची चाल नेमकी याच पट्ट्यात येते. पुलावरून बघणाऱ्याला वाटत असेल, हा शांत मुलगा आणि ही घाईघाईतली मुलगी. घाई दोघांनाही सारखीच असते हो.

आता हाच हिशेब चार वर्षांच्या मुलाला लावा. पाय समजा ४५ सेंटिमीटर. त्याची धावण्याची हद्द येते ताशी ५.४ किलोमीटरच्या आसपास. माझ्या मित्राची निवांत चाल साडेपाच आहे! म्हणजे सकाळी शाळेच्या गेटकडे जाणारा बाप, एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात पोराचं मनगट, स्वतः आरामात चालतोय; आणि ते पोर मात्र दुडूदुडू धावतंय. रोज, शाळेपर्यंतचा सगळा रस्ता. वर त्याला ऐकवलं जातं, ‘किती रेंगाळतोस!’ हे दृश्य मी आधी शंभर वेळा पाहिलं असेल. आता ते बघवत नाही.

(गुरुत्वाकर्षण कमी केलं तर ही हद्द आणखी खाली येते. चंद्रावर ते पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे तिथे मी ताशी तीन किलोमीटरलाच उड्या मारायला लागेन. अपोलोचे अंतराळवीर तसे उड्या मारत चालले, त्यात हौसेचा भाग कमी होता. चंद्रावर निदान पुलावर गर्दी नसेल.)

तुमच्यातला कुणीतरी आता रेस वॉकिंगची आठवण काढेल. बरोबर आहे. जपानच्या युसुके सुझुकीनं २०१५ मध्ये २० किलोमीटर एक तास १६ मिनिटं ३६ सेकंदांत ‘चालून’ काढले, म्हणजे ताशी साडेपंधरा किलोमीटरच्या वर. छत गेलं कुठे मग? रेस वॉकिंग करणारे कंबर विचित्र हलवतात, आपण त्यांच्यावर हसतो. पण त्या हलण्यानं शरीराची कमान सपाट होते, वर-खाली होणं कमी होतं आणि छत वर ढकललं जातं. शिवाय दोन्ही पाय हवेत आहेत का, हे पंच नुसत्या डोळ्यांनी बघतात. डोळ्यांना न दिसणारी उडी खपून जाते. वर्षानुवर्षांच्या सरावानं हे जमतं. खांद्यावर सॅक आणि हातात डबा घेऊन स्टेशनला जाताना जमत नाही, मी प्रयत्न केलाय.

मग दोन वेगवेगळ्या लांबीच्या पायांनी बरोबर चालायचं कसं? यावर अमेरिकेत सिअॅटलमध्ये एक छोटासा अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजक्याच तरुण-तरुणींना एकटं, मित्राबरोबर, मैत्रिणीबरोबर आणि जोडीदाराबरोबर चालायला लावलं. जोडीदार असलेल्या मुलीबरोबर चालताना मुलगे आपला वेग सुमारे सात टक्क्यांनी कमी करून तिच्या वेगाला आले. नुसती मैत्रीण असेल तर इतकं औदार्य दिसलं नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर उभं राहून कोण कुणाचं काय लागतं हे ओळखायचा खेळ आपण सगळे खेळतो, त्याला आता शास्त्रीय आधार मिळाला म्हणायचा. पण विनोद सोडा. ज्याचे पाय लांब आहेत त्यानं सात टक्के हळू चाललं तर त्याला जवळजवळ काही पडत नाही. ज्याचे पाय आखूड आहेत त्यानं दहा टक्के जोरात चालायचं तर घाम त्याचा निघतो. मग जुळवून कुणी घ्यायचं? मला तर यात वादाला जागा दिसत नाही.

हे झालं चालण्याचं. धावण्याचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे आणि माझ्या मैत्रिणीच्या सरांना ते माहीत नसावं, किंवा सांगायला वेळ नसावा.

धावताना शरीर लंबकासारखं झुलत नाही, स्प्रिंगसारखं उसळतं. पाय जमिनीवर आपटतो, टाचेच्या वरचा जाड टेंडन ताणला जातो आणि रबरासारखा परत उसळून शरीराला पुढे फेकतो. हवेत असतानाच पावलाचं बरंच अंतर कापलं जातं. त्यामुळे ढांग किती लांब पडेल हे पायाच्या लांबीइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, जमिनीला किती जोरात ढकललं यावर ठरतं. पीटर वेयांड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या क्षेत्रात फार गाजला. त्यांनी अगदी सामान्य वेगाच्या धावपटूंपासून अतिवेगवान धावपटूंपर्यंत सगळ्यांना पळवलं आणि प्रत्येकाच्या पायाखालचा जोर मोजला. आपल्याला वाटतं, वेगवान माणूस पाय भराभरा हलवत असेल. तसं निघालं नाही. आपापल्या सर्वोच्च वेगाला पाय मागून पुढे आणायला सगळ्यांना जवळजवळ सारखाच वेळ लागत होता. फरक होता तो पाय जमिनीवर असतानाच्या इवल्याशा क्षणात. वेगवान धावपटू त्या क्षणात आपल्या वजनाच्या मानानं जास्त जोर जमिनीला देत होते. आणि हा जोर मांड्या, नितंब, पोटऱ्या यांच्या ताकदीतून आणि तंत्रातून येतो. टेपनं मोजता येत नाही.

लांब पायांचा अजिबात फायदा नाही असं मी म्हणत नाही. पाय जमिनीला टेकलेला असताना लांब पायाचं शरीर जास्त अंतर पुढे सरकतं, हे खरंच आहे. उसेन बोल्ट १९५ सेंटिमीटर उंच. २००९ मध्ये बर्लिनला त्यानं ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा १०० मीटरला त्याला सुमारे ४१ पावलं लागली, बाकीच्यांना त्याहून जास्त. पण लांब पाय जडही असतो, त्याला हलवायला ताकद जास्त लागते, सुरुवातीला वेग पकडणं अवघड जातं. म्हणूनच चीनचा सू बिंगतियान १७२ सेंटिमीटरचा असून टोकियो ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये ९.८३ सेकंदांत धावला. उंचीतला फरक २३ सेंटिमीटर, वेळेतला फरक पाव सेकंद. लांब पल्ल्याला तर लांबीचं कौतुक आणखी कमी होतं. एलिउड किपचोगे १६७ सेंटिमीटरचा. २०२२ मध्ये बर्लिन मॅरेथॉन त्यानं २ तास १ मिनिट ९ सेकंदांत संपवली, सरासरी ताशी जवळजवळ २१ किलोमीटर. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या बोरीबंदर-ठाणे मार्गावर धावली, तो ३४ किलोमीटरचा. त्या वेगानं पळत निघाला तर हा माणूस ठाण्याहून सीएसएमटीला एक तास ३८ मिनिटांत पोहोचेल. मेगाब्लॉकच्या रविवारी मी त्याच्या पाठीवर बसून जायला तयार आहे.

आपल्याकडची नावं घ्यायची तर बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर घ्या. दोघांची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. ललिता २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची फायनल धावली आणि दहावी आली. अविनाशनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांश भागानं. या शर्यतीत पुरुषांना ९१.४ सेंटिमीटरचे आणि महिलांना ७६.२ सेंटिमीटरचे अडथळे ओलांडायचे असतात, म्हणजे पायाच्या लांबीचा थोडाफार संबंध आलाच तर इथे येईल. पण या दोघांबद्दल बोलताना तुम्ही कुणाला पायांच्या लांबीचा विषय काढताना ऐकलंय? मी नाही ऐकलं. जिंकणाऱ्याचे पाय कुणी मोजत नाही.

माझ्या मैत्रिणीला मात्र मी आणखी एक नाव सांगितलं. जमैकाची शेली-अॅन फ्रेझर-प्राइस. १०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण दोनदा, २००८ आणि २०१२ ला. जागतिक अजिंक्यपद पाच वेळा. सर्वोत्तम वेळ १०.६० सेकंद. आणि उंची? १५२ सेंटिमीटर. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत महिलांसाठी उंचीची सर्वसाधारण अट आहे १५५. म्हणजे जगातल्या सर्वकालीन वेगवान बायकांपैकी एक आपल्याकडे भरतीला आली असती तर धावायची वेळच आली नसती. उंचीच्या पट्टीजवळूनच ‘पुढचा नंबर’ झाला असता. मैत्रीण हे ऐकून इतकी हसली की समोरच्या काकू दचकल्या.

आता, उंचीच्या अटीमागे इतर कारणं असू शकतात. गर्दी सांभाळायला उंच माणूस बरा पडतो, गणवेशाचा दरारा वगैरे. त्यावर स्वतंत्र वाद घालता येईल आणि घालायला हवा. पण जी मुलगी अट पूर्ण करून मैदानात उतरली आहे, जिला आता फक्त ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यात गुण कमवायचे आहेत, तिला तिच्या पायांची लांबी ऐकवण्याला काय अर्थ आहे? हाडांची लांबी विशीच्या आत थांबते. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘उंची वाढवा’च्या गोळ्यांनी ती वाढत नाही आणि बारला लटकूनही वाढत नाही. जे बदलता येत नाही त्याच्यावर बोट ठेवायचं आणि जे बदलता येतं ते शिकवायचं नाही, याला प्रशिक्षण कसं म्हणायचं?

बरं, नुसतं बोलून थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. त्या सरांनी उपायही सांगितला होता: ‘ढांगा लांब टाक.’ आखूड पायांच्या मुलीनं लांब ढांगा टाकायच्या म्हणजे काय होतं, तर पाऊल शरीराच्या खूप पुढे पडतं, टाच आधी आपटते आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. आपणच आपल्याला मागे ढकलतो आणि तो धक्का गुडघ्याला नि नडगीला बसतो. तीन आठवड्यांत तिची नडगी इतकी ठणकायला लागली की कल्याण स्टेशनचा जिना उतरताना ती कठडा धरायची. वेळ सुधारली नाहीच. मग तिनं ढांगांचा नाद सोडला. पाऊल शरीराच्या खाली पडेल एवढंच बघायचं, लय जलद ठेवायची, आणि आठवड्यातून दोनदा चढावर पळायचं नि स्क्वॉट्स मारायचे. हे तिला ग्राउंडवरच्याच एका सीनियर मुलीनं शिकवलं. ती सीनियर मुलगी माझ्याएवढीच आहे.

मला विचाराल तर हे सगळं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ठाण्याच्या महापौर वर्षा मॅरेथॉनला पावसात रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि पुढे येणाऱ्यांचे पाय बघा. मग त्याच संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा. पहिल्या ठिकाणी तुम्हाला उंचीवरून काहीच ओळखता येणार नाही. दुसऱ्या ठिकाणीही येणार नाही, पण वेगळ्या कारणानं. संध्याकाळच्या गर्दीत पाय झुलायला जागाच नसते. सहा फुटी माणूसही वीस-पंचवीस सेंटिमीटरची पावलं टाकत सरकत असतो आणि पाच फुटीही. लंबक नाही, स्प्रिंग नाही, फ्रूड नाही. एवढी समानता मला आणखी कुठे दिसलेली नाही, आणि ती मला नको आहे. पूल रुंद झाले, फेरीवाल्यांपलीकडे चालायला फूटपाथ उरले, तर निदान प्रत्येकाला आपापल्या पायांच्या वेगानं तरी चालता येईल.

मैत्रिणीचं ८०० मीटरचं टायमिंग दोन महिन्यांत १८ सेकंदांनी खाली आलंय. सरांनी स्टॉपवॉचकडे दोनदा पाहिलं, म्हणाले काही नाही. तिची मैदानी चाचणी अजून व्हायची आहे, त्यामुळे पेढे तूर्त नाहीत.

आणि मित्राशी माझा करार झालाय. स्टेशनला जाताना वेग मी ठरवणार. त्यामुळे गाडी चुकली तर कटिंगचे पैसे त्याचे. काल चुकली. त्यानं कुरकुर न करता पैसे दिले, फक्त एवढंच म्हणाला, ‘उद्या एक मिनिट लवकर खाली उतर.’ आईनं हे ऐकू नये म्हणजे झालं.